नाण्यावरचे तेजोवलय कोणाला खुपले?

नोव्हेंबर २०१२ मध्ये स्लोव्हाकियाच्या राष्ट्रीय बँकेने एक घोषणा केली आणि त्या छोट्याशा देशात संतापाची लाट उसळली. सिरिल आणि मेथोडियस या संतबंधूंच्या आगमनाला २०१३ साली ११५० वर्षे पूर्ण होत होती. त्यानिमित्त २ युरोचे स्मृतिनाणे काढण्याचे ठरले होते. दोघे बंधू, त्यांच्या मस्तकांभोवती तेजोवलये आणि वस्त्रांवर क्रूस, असे चित्र त्यासाठी निवडण्यात आले होते. हे चित्र युरोपीय संघापुढे जाताच आयोगाकडून आणि काही सदस्यदेशांकडून आक्षेप आला. हे नाणे युरो वापरणाऱ्या सर्व देशांत चालणार, तेव्हा ते धार्मिकदृष्ट्या तटस्थ असले पाहिजे. सबब तेजोवलये आणि क्रूस काढून टाकावेत! राष्ट्रीय बँकेने आधी मान तुकवली आणि सुधारित चित्र जाहीर केले. संतांचे संतपण खोडून त्यांना नाण्यावर उभे करायचे, असा तो निर्णय होता.

हे संत कोण, हे समजून घेतल्याखेरीज या आक्षेपातील विसंगती लक्षात येणार नाही. थेसालोनिकीचे हे दोघे बंधू इ.स. ८६३ मध्ये राजा रास्तिस्लाव्ह याच्या विनंतीवरून मोराव्हियात आले. स्लाव्ह लोकांच्या बोलीला तोपर्यंत स्वतःची लिपी नव्हती. सिरिलने ती निर्माण केली, धर्मग्रंथ लोकभाषेत आणले आणि लोकांना त्यांच्याच भाषेत उपासना करता येऊ लागली. मराठी माणसाला या कार्याचे मोल वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८० साली या दोघांना संपूर्ण युरोपचे पालक-संत म्हणून घोषित केले होते. त्याच युरोपच्या नाण्यावर त्यांच्या डोक्यामागचे वर्तुळ मात्र अडचणीचे ठरले!

निवडक तटस्थता

तटस्थता हे तत्त्व म्हणून मान्य करायचे, तर ते सर्वत्र सारखे लागू व्हायला हवे. प्रत्यक्षात काय दिसते? नेदरलँड्सच्या २ युरोच्या नाण्याच्या कडेवर 'देव आमच्यासह असो' या अर्थाची अक्षरे कोरलेली आहेत. ते नाणे २००२ पासून युरोपभर फिरते आहे. स्पेनच्या १, २ आणि ५ सेंटच्या नाण्यांवर सान्तियागो दे कोम्पोस्तेला येथील कॅथेड्रल आहे. संत जेम्सच्या समाधीच्या दर्शनासाठी यात्रेकरू शतकानुशतके जिथे पायी जातात, तेच हे स्थान. ऑस्ट्रियाच्या १० सेंटवर व्हिएन्नाचे संत स्टीफन कॅथेड्रल आहे. जर्मनीने २०११ साली २ युरोच्या नाण्यावर कोलोनचे कॅथेड्रल आणले. १२४८ मध्ये ज्याचा पाया घातला गेला आणि १८८० मध्ये जे पूर्ण झाले, असे हे सहा शतकांहून अधिक काळाच्या श्रद्धेचे स्मारक. या नाण्यांनी कोणाची तटस्थता भंगली नाही. जर्मनी, स्पेन, ऑस्ट्रिया हे प्रस्थापित देश आहेत. स्लोव्हाकिया मात्र २००४ मध्ये संघात आलेला आणि २००९ मध्ये युरो स्वीकारलेला नवागत. नवागताने आपली ओळख जरा पुसट करूनच दिवाणखान्यात यावे, ही अपेक्षा कोणी बोलून दाखविली नाही. पण ती वागण्यातून दिसल्याशिवाय राहिली नाही.

स्लोव्हाकियाच्या जनतेने ही अपेक्षा धुडकावली. चर्चच्या धर्माधिकाऱ्यांपासून सामान्य नागरिकांपर्यंत सर्वांनी विरोध नोंदविला. राष्ट्रीय बँकेला आपला निर्णय फिरवावा लागला. तिने मूळ चित्राचाच आग्रह धरला आणि जुलै २०१३ मध्ये तेजोवलये आणि क्रूस यांसह १० लाख नाणी चलनात आली. त्यामुळे कोणत्या देशातील कोणत्या नागरिकाच्या श्रद्धेला धक्का लागला? कोणाचा व्यवहार अडला? आक्षेपात तथ्य नव्हते, हे त्या १० लाख नाण्यांनीच सिद्ध केले. पुढे २०२३ मध्ये क्रोएशियाने युरो स्वीकारला, तेव्हा त्याने आपल्या लहान नाण्यांवर ग्लागोलितिक लिपीतील अक्षरे कोरली. परंपरा जिचे श्रेय सिरिललाच देते, तीच ही लिपी. १ जानेवारी २०२६ पासून बल्गेरियाची युरो नाणी आली. त्यांतील १ युरोवर रिला येथील संत जॉन आहेत. एका लहान राष्ट्राने ताठ मानेने 'नाही' म्हटले, तर मागून येणाऱ्यांची वाट किती सोपी होते, याचे हे उदाहरण आहे.

अस्तित्वात नसलेले पूल

स्लोव्हाकियाचा वाद अपवाद म्हणून सोडून देता आला असता. परंतु त्याचे मूळ युरोच्या जन्मातच आहे. २००२ साली युरोच्या नोटा आल्या, तेव्हा त्यांवर दारे, खिडक्या आणि पूल होते. अभिजात, रोमनेस्क, गॉथिक, प्रबोधनकालीन, बरोक अशा एकेका स्थापत्यशैलीची ती चित्रे होती. पण त्यांतील एकही वास्तू प्रत्यक्षात कुठे उभी नव्हती. ऑस्ट्रियाचे चित्रकार रॉबर्ट कालिना यांच्या प्रारंभीच्या रेखाटनांतील पूल ओळखू येत होते. ते पुढे मुद्दाम अनोळखी करण्यात आले. कोणत्याही एका देशाची वास्तू नको, म्हणजे कोणी रुसणार नाही! पार्थेनॉन, कोलोसियम आणि नोत्र-दाम यांच्या भूमीने आपल्या नोटांसाठी निवडले काय, तर कल्पनेतले पूल.

या प्रकाराची थट्टा युरोपनेच केली. नेदरलँड्समधील स्पाइकेनिसे या गावात २०११ ते २०१३ या काळात नोटांवरचे सातही काल्पनिक पूल रंगीत काँक्रीटमध्ये खरोखर बांधण्यात आले. आधी वास्तू आणि मग तिचे चित्र, हा जगाचा क्रम. इथे आधी चित्र निघाले आणि त्याला वास्तू पुरविण्याची वेळ आली.

नाण्यांच्या बाबतीत मात्र शहाणपण शाबूत राहिले. नाण्याची एक बाजू समान आणि दुसरी प्रत्येक राष्ट्राची, अशी रचना ठरली. इटलीने १ युरोवर लिओनार्दोने रेखाटलेला मानव, २ युरोवर राफाएलच्या चित्रातला दान्ते आणि १० सेंटवर बोत्तिचेल्लीची व्हीनस आणली. ऑस्ट्रियाने १ युरोवर मोझार्टला बसविले. स्पेनने सर्व्हान्तेसला मान दिला. ग्रीसने २ युरोवर युरोपा या पुराणकन्येची कथा कोरली. बैलाचे रूप घेऊन झ्यूसने जिला पळवून नेले आणि जिचे नाव या खंडाला मिळाले, तीच ही युरोपा. ग्रीसच्या १ युरोवर प्राचीन अथेन्सच्या नाण्यावरचे घुबड आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीचे नाणे आजच्या नाण्यावर कोरले गेले. हेलसिंकीतला पाववाला दान्ते घेतो आणि सुट्टे म्हणून मोझार्ट परत देतो. यात कोणाचे काय बिघडले? उलट शेजाऱ्याच्या थोर पुरुषांची ओळख काहीही खर्च न करता घरोघर पोहोचली.

वॉटर्लू आणि मागचे दार

याच व्यवस्थेत एक मागचे दारही आहे, आणि ते २०१५ साली सर्वांना दिसले. वॉटर्लूच्या लढाईला त्या वर्षी २०० वर्षे होत होती. रणभूमी बेल्जियममध्ये, म्हणून बेल्जियमने २ युरोचे स्मृतिनाणे पाडायला घेतले. फ्रान्सने आक्षेप घेतला. नेपोलियनचा पराभव फ्रेंच माणसाच्या खिशात कशाला? बेल्जियमने माघार घेतली आणि तयार झालेली सुमारे १,८०,००० नाणी मोडीत काढली. पण मग त्याने नियमातील फट शोधली. २ युरोचे नाणे सर्व युरो-देशांत चालते, म्हणून त्यावर इतरांना आक्षेप घेता येतो. संग्राह्य नाणे केवळ ते काढणाऱ्या देशातच कायदेशीर चलन असते. त्याला इतरांच्या संमतीची आवश्यकता नसते. बेल्जियमने अडीच युरो अशी आगळीच किंमत असलेली ७०,००० नाणी काढली आणि ती ६ युरोंना विकली. वॉटर्लू आले, पण डबीत बंद होऊन आले.

संग्राह्य नाण्यांचे खरे स्वरूप या प्रसंगाने उघड केले. युरोपातील टांकसाळी दरवर्षी कला आणि वारसा यांवर सोन्याचांदीची असंख्य नाणी काढतात. २००४ पासून अनेक देशांच्या टांकसाळी 'युरोपा स्टार' या समान चिन्हाखाली वर्षाला एक विषय घेऊन अशी नाणी पाडत आल्या आहेत. पॅरिसच्या टांकसाळीचा तर स्वतःचाच वारसा इ.स. ८६४ पर्यंत मागे जातो. स्लोव्हाकियाची तेजोवलये चलनात आली, त्याच २०१३ साली तिने नोत्र-दाम कॅथेड्रलच्या ८५० वर्षांनिमित्त संग्राह्य नाणी काढली. त्यांवर तटस्थतेचा प्रश्न उद्भवला नाही, कारण ती नाणी कोणी खर्च करणारच नव्हते! युरोपीय आयोगाने मार्च २०१० मध्ये सदस्यदेशांना केलेली शिफारस या संदर्भात बोलकी आहे. संग्राह्य नाण्यांचा वापर देवघेवीसाठी होऊ नये म्हणून देशांनी उपाय योजावेत, असे ती सांगते. उपाय कोणते? खास वेष्टन, मौल्यवान धातूचा वापर आणि दर्शनी किमतीहून अधिक विक्रीमूल्य. म्हणजे ज्या नाण्यावर सर्वांत अधिक संस्कृती, तेच नाणे लोकांच्या हाती पडू नये अशी व्यवस्था. जनतेच्या नोटेवर काल्पनिक पूल आणि धनिकाच्या कपाटात खरे कॅथेड्रल, अशी ही वाटणी झाली.

क्लिम्टची नायिका आणि ऑस्ट्रियाचे सोने

वारसा असा विक्रीचा विषय झाला, की त्यामागील सत्यही सोयीने झाकता येते. चित्रकार गुस्ताव्ह क्लिम्ट यांच्या जन्माला १५० वर्षे झाली म्हणून ऑस्ट्रियाच्या टांकसाळीने २०१२ पासून पाच सुवर्णनाण्यांची मालिका काढली. प्रत्येक नाण्यात १० ग्रॅम शुद्ध सोने. दर्शनी किंमत ५० युरो. आतल्या सोन्याचेच मोल त्याच्या कित्येक पट असल्याने ते नाणे दुकानदाराला देण्याचा वेडेपणा कोण करील? मालिकेचा आरंभ झाला तो 'अडेले ब्लोख-बावर' या १९०७ सालच्या चित्राने.

या चित्राची कथा मात्र सोन्यासारखी झळझळीत नाही. ऑस्ट्रिया नाझींच्या ताब्यात गेल्यावर ते एका ज्यू कुटुंबाकडून बळकावण्यात आले. युद्ध संपल्यावरही ते कुटुंबाकडे परतले नाही. व्हिएन्नाच्या बेल्व्हेडेर संग्रहालयात राष्ट्राचा ठेवा म्हणून मिरवत राहिले. अडेलेची पुतणी मारिया आल्टमन यांनी वृद्धापकाळी अमेरिकेतील न्यायालयात दाद मागितली. प्रकरण तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि अखेर लवादाच्या निर्णयानंतर २००६ मध्ये ते चित्र ऑस्ट्रियाला परत करावे लागले. आज ते न्यूयॉर्कमध्ये आहे. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी ऑस्ट्रियाने तीच अडेले सोन्यावर कोरून विकावी, याला काय म्हणावे? क्लिम्ट ऑस्ट्रियाचे होते, यात शंका नाही. पण चित्र कोणाकडून घेतले गेले आणि कोणाला परत करावे लागले, हा इतिहास त्या १० ग्रॅममध्ये मावत नाही. खऱ्या वारशाला मानाच्या जोडीने जबाबदारीही चिकटलेली असते. विक्रीच्या वारशाला फक्त किंमत असते.

'एकाचा विजय, दुसऱ्याची जखम'

यावर एक युक्तिवाद केला जातो, आणि तो पोकळ नाही. ज्या खंडाने दोन महायुद्धे पाहिली, तिथे एकाचे स्मारक दुसऱ्याची जखम ठरते; म्हणून समाईक चलन रिकामे असलेलेच बरे, असे त्याचे स्वरूप. वॉटर्लूच्या बाबतीत फ्रान्सची बोच समजण्यासारखी आहे. परंतु लढाईतला विजय आणि लिपी देणाऱ्या संताचे तेजोवलय यांत अंतर आहे. पहिल्यात कोणीतरी हरलेला असतो. दुसऱ्यात हरलेला कोणीच नाही. हा भेद ज्यांना करता येत नाही, ते दोन्ही पुसून टाकतात आणि त्या पुसण्याला समंजसपणा म्हणतात. शेजाऱ्यांमध्ये सलोखा राहावा म्हणून प्रत्येकाने आपल्या देवघराला पडदा लावावा, हा कुठला सलोखा? दान्ते आणि मोझार्ट एकाच गल्ल्यात सुखाने नांदतात, हा गेल्या दोन दशकांचा अनुभव त्या पडद्याची गरज खोटी ठरवितो.

आपल्या खिशात काय आहे?

युरोपच्या या उलघालीकडे भारतीयाने केवळ परक्याची गंमत म्हणून पाहू नये. नाण्याचा विचार या भूमीने युरोपीयांनाच एकदा शिकविला आहे. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला होता. मुंबईत पाडलेली इंग्रजांची नाणी स्वराज्यात चालावीत, असे एक कलम इंग्रजांना तहात हवे होते. प्रजेचा तोटा होईल असे नाणे घेण्याची सक्ती आपण तिच्यावर करणार नाही, नाणे कसाला उतरले तर मनाईही करणार नाही, अशी शिवाजी महाराजांची भूमिका होती. नाणे राजाच्या हुकमाने पाडले जाते. चालते ते लोकांच्या विश्वासावर. महाराजांच्या होनावर आणि शिवराईवर नागरी अक्षरे झळकली, आणि शिवराई तर पुढे पिढ्यान्पिढ्या बाजारात फिरत राहिली. स्वराज्याची ती मुद्रा शेतकऱ्याच्या कमरेच्या कशात होती.

स्वतंत्र भारताने हा धडा बऱ्याच अंशी पाळला. १९९९ साली १ रुपयाच्या नाण्यावर ज्ञानेश्वर माउली आली आणि २ रुपयांच्या नाण्यावर छत्रपती शिवाजी महाराज. भाजीवाल्याच्या गोणपाटावर आणि एस.टी. वाहकाच्या पिशवीत ती नाणी खुळखुळली. आजही १० रुपयांच्या नोटेवर कोणार्कचे सूर्यमंदिर आहे, २० रुपयांवर वेरूळ, ५० रुपयांवर हंपी, १०० रुपयांवर राणीची वाव, २०० रुपयांवर सांची. यांतील एकही वास्तू कल्पनेतली नाही. तिकीट काढून तिथे जाता येते.

चुकाही झाल्या. २००५ पासून २ रुपयांच्या नाण्यावर छेदणाऱ्या रेघा आणि चार ठिपके आले. विविधतेतील एकता असा त्याचा अर्थ अधिकृतपणे सांगितला गेला. पण लोकांना दिसला तो क्रूस. नवव्या शतकातील फ्रँक सम्राट लुई द पायस याच्या नाण्यावरही चार ठिपक्यांमधला क्रूस आहे, हे जाणकारांनी निदर्शनास आणून दिले. २००७ पासून त्या जागी नृत्यातील हस्तमुद्रा आल्या. अर्थ समजावून सांगावा लागतो असे चिन्ह लोकांचे होत नाही, एवढा बोध त्यातून घ्यावा. आक्षेपही आपल्याकडे आले. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या सहस्राब्दीनिमित्त २०१० मध्ये ५ रुपयांचे आणि १००० रुपयांचे नाणे निघाले. वैष्णोदेवी देवस्थानच्या नाण्यांवर २०१२ हे वर्ष आहे. ही नाणी सेक्युलर तत्त्वाला बाधक असल्याची याचिका दिल्ली उच्च न्यायालयात झाली आणि जानेवारी २०१८ मध्ये ती फेटाळली गेली. स्मृतिनाण्याने कोणाच्याही धर्माचरणात अडथळा येत नाही, असेच न्यायालयाचे मत पडले. स्लोव्हाकियाच्या नागरिकांनी रस्त्यावर जे सांगितले, ते इथे न्यायासनावरून सांगितले गेले.

तरीही सावध राहण्याचे कारण आहे. बृहदीश्वराचे ५ रुपयांचे नाणे लोकांनी हाताळले. १००० रुपयांचे किती जणांनी पाहिले? अलीकडे आपल्याकडेही ७५, १००, ३५० रुपये अशा किमतींची स्मृतिनाणी निघतात, ती आकर्षक वेष्टनात जादा दराने विकली जातात आणि थेट संग्राहकाच्या कपाटात जातात. संग्राहकांचा छंद स्तुत्यच आहे. पण राष्ट्रपुरुषाचे स्मरण केवळ छंदिष्टांच्या स्वाधीन करायचे, तर युरोपच्या मखमली डबीत आणि आपल्या डबीत फरक काय उरला? प्रत्येक मोठ्या स्मरणासाठी निदान एक नाणे तरी रोजच्या चलनात यावे, ही मागणी जागरूक नागरिकांनी सातत्याने केली पाहिजे.

युरोपलाही आता आपली चूक उमगू लागली आहे. लोकांना नोटा आपल्याशा वाटाव्यात म्हणून त्यांचे रूप बदलण्याचा विचार युरोपीय मध्यवर्ती बँकेने डिसेंबर २०२१ मध्ये जाहीर केला. २०२५ च्या जानेवारीत तिने दोन पर्याय पुढे ठेवले. एकात युरोपातील नद्या आणि पक्षी आहेत. दुसऱ्यात मारिया कॅलस, बेथोव्हन, मेरी क्युरी, सर्व्हान्तेस, लिओनार्दो आणि बेर्था फॉन सुटनर. म्हणजे २० वर्षांनंतरही एक पाय काठावरच आहे. माणसांची आठवण काढावी की पक्ष्यांआड लपावे, हा निर्णय २०२६ च्या अखेरीस होईल असे सांगण्यात आले. बँकेने काय निवडावे, हे तिचे तिने ठरवावे. मात्र निवड करण्यापूर्वी तिने स्लोव्हाकियाचे २०१३ चे एक नाणे तळहातावर घेऊन पाहावे. त्यावरची तेजोवलये आज वापराने थोडी झिजली असतील. नाण्याला याहून मोठा सन्मान नसतो.